धूमकेतूपाशी विझणारे तारे

१

घुमटावर धूमकेतूची शेपटी उमटली, निवेदकांनी आवाज खर्जात नेला, आकाश सावकाश दक्षिणेकडे फिरलं, आणि तारे विझले.

क्षणभर कुणाला काही वावगं वाटलं नाही. तारांगणात अंधार हा तिकिटातच येतो. मग मधल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "संपलं का हो?" आणि हशा पिकला.

शेवटच्या रांगेत सून आणि सासरे शेजारी शेजारी बसले होते. सासरे हसले नाहीत. घुमटाखालचा तो प्रोजेक्टर त्यांनी स्वतःच्या हातांनी बनवला होता. भिंगं घासली होती, मोटारी बसवल्या होत्या आणि त्या मोटारी हलवणारा प्रोग्रॅमही सी भाषेत स्वतःच लिहिला होता. पोरं मोठी झाली, केस पिकले, तरी त्यांचं हे काम चालूच होतं. संगणकावरचा प्रोग्रॅम बंद पडला की दिवा आपोआप मालवावा, ही व्यवस्थाही त्यांचीच. आता ती महिनाभर अगदी चोख काम करत होती, आणि तेच दुखणं होतं.

दिवे लागल्यावर तारांगणाच्या संचालिका मॅडम रांगेतून वाट काढत आल्या.

"काका, मला तुमच्याबद्दल फार आदर आहे," त्या म्हणाल्या. आदराने सुरू होणारी वाक्यं सहसा गोड संपत नाहीत. "पण रविवारी पाहुणे येताहेत, हॉल भरलेला आहे. रविवारी तारे पुन्हा विझले, तर सोमवारी हा प्रोजेक्टर गोदामात जाईल. तयार यंत्राचं बोलणं मी करून ठेवलंय."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

तेवढ्यात नियंत्रण कक्षाचं दार आपटून नणंद बाहेर आली. शो चालवणारा, फोटो आणि आवाज जुळवणारा वरचा प्रोग्रॅम तिचा होता, आजच्या काळातल्या भाषेत लिहिलेला.

"पुन्हा मेला," ती म्हणाली. "आणि पुन्हा तुमच्याच हद्दीत मेला, बाबा. शेवटची ओळ तुमच्या कोडमधली आहे. मी काही बोलत नाही."

"बोललीस की. मारून माझ्या दारात आणून टाकला असेल कुणी."

"कुणी म्हणजे?"

"माझं दार तुझ्याच घरात उघडतं, बये."

मग बापलेकीने एकदमच मान वळवली.

"वहिनी, तू बघ."

"सूनबाई, तूच बघ."

दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा सुनेचा पोटापाण्याचाच धंदा होता. तिला काम अवघड वाटलं नाही. अडचण एकच होती: गुन्हेगार दोघांपैकी कुणीही निघाला, तरी रात्रीचं जेवण त्याच्याच शेजारी बसून करायचं होतं. तिच्या नवऱ्याने मात्र, "मला यातलं काही कळत नाही," असं म्हणून आधीच अंग काढून घेतलं होतं. त्याला त्यातलं चांगलं कळत असे.

२

सासऱ्यांची कार्यशाळा म्हणजे स्वयंपाकघरामागची खोली. तिथे लेथ होता, भिंगं घासायची चाकं होती आणि एका डब्यात सर्व आकारांचे स्क्रू होते. त्या डब्याला हात लावलेला त्यांना चालत नसे.

"पहिल्यापासून सांगा, बाबा. मला काहीच माहीत नाही असं समजून."

"तसं समजायला मला जड जातं, पण ऐक." सासऱ्यांनी स्टूल पुढे ओढलं. "तुझी नणंद म्हणते, आकाश अमुक ठिकाणी फिरवा. मी मोटर सुरू करतो. मोटर काही लगेच पोचत नाही. तोवर तिने माझ्या तोंडाकडे बघत बसायचं का? म्हणून शोच्या सुरुवातीलाच ती माझ्याकडे एक कॉलबॅक देऊन ठेवते. म्हणजे काय, तर हाक मारायचा पत्ता. मोटर पोचली की मी त्या पत्त्यावर हाक मारतो, 'पोचलो.' मग ती पुढचं दृश्य लावते."

"दर वेळी नवा पत्ता?"

"छे. एकदाच. सुरुवातीला दिलेला शेवटपर्यंत."

"आणि तिने दिलेलं ते तुमच्याकडे असतं?"

"असतं म्हणजे? नीट ठेवलंय. माझ्या हातून काही हरवत नाही." त्यांनी स्क्रूच्या डब्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवलं.

"मग बिघाड कुठे असेल असं वाटतं?"

"स्पष्ट बोलू का? लेकीचं आहे म्हणून झाकत नाही. तिची ती भाषा लाडावलेली आहे. मेमरी घ्यायची, पसारा करायचा आणि उठून जायचं. मागून आवरायला माणूस ठेवलेला. आमच्या सीमध्ये जे घेतलं ते आपणच परत करायचं. सवयच वेगळी."

"पण तिचा प्रोग्रॅम इतके दिवस चालला की, बाबा."

सासरे अप्रिय बोलत, पण खोटं बोलत नसत. "चालला," ते म्हणाले. "धूमकेतू यायच्या आधी एकदाही मेला नाही. तो आणला कुणी, ते जाऊन विचार."

३

धूमकेतू आणला होता निवेदकांनी. त्यांचा आवाज असा होता, की ते 'जरा पाणी देता का' म्हणाले तरी विश्वाच्या उत्पत्तीबद्दल सांगताहेत असं वाटे. मागून सगळे त्यांना धीरगंभीर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

"मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे," ते म्हणाले. "धूमकेतू अपशकुनी असतो, यावर माझा मुळीच विश्वास नाही. परंतु हा आहे."

"तुम्ही शोमध्ये नक्की काय करता?"

"बोलतो. आणि एक बटण दाबतो. तेही अदबीने."

"हे फोटो नवे ना?"

"नवे आणि भव्य!" ते खुलले. "जुन्या फोटोंत शेपटी म्हणजे कापसाचा बोळा दिसायची. यात धाग्यान् धागा दिसतो. एकेक फोटो इतका मोठा आहे, की तुमच्या नणंदबाई म्हणाल्या, काका, संगणकाला धाप लागेल. पण लागली नाही. फोटो दर वेळी सुरेख येतो."

"फोटो येतो?" सुनेने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तारे जातात ते फोटो आल्यानंतर?"

"अर्थात. धूमकेतू दिसतो, मी खर्ज लावतो, आकाश फिरू लागतं, फिरून थांबतं आणि मग जातात. थांबल्यावरच. माझं सर्वांत चांगलं वाक्य त्यापुढे आहे. महिनाभर ते कुणी ऐकलेलं नाही."

सुनेने रिकाम्या घुमटाखाली शो लावायला सांगितला. फोटो काढून टाकले, तेव्हा तारे शेवटपर्यंत टिकले. फोटो परत घातले, तर आकाश फिरून थांबताच विझले. गर्दीने हॉल तापतो म्हणावं, तर हॉल रिकामा होता. मॅडमना तयार यंत्र हवंय म्हणून त्यांनीच काही केलं असेल म्हणावं, तर त्या दुपारी त्या गावातच नव्हत्या. शिवाय नियंत्रण कक्षाबद्दल त्या आधीच म्हणाल्या होत्या, "मी तिथे पाऊल टाकत नाही. तिथे खुर्च्या कमी आणि भांडणं जास्त."

उरलं ते हे: जीव फोटो घेत नव्हता, फोटोनंतरची हाक घेत होती. त्याआधीच्या हाका तर बिनतक्रार पोचत होत्या. मग फोटो आणि हाक यांच्यामध्ये असं काय घडत होतं?

"वन्सं," सून म्हणाली, "आता तुझ्या पद्धतीने चालव. एकेक ओळ तपासत. मी शेजारी बसते."

नणंदेने प्रोग्रॅम तपासणीखाली लावला. तेच फोटो, तोच प्रोजेक्टर. धूमकेतू आला. आकाश फिरलं, थांबलं.

तारे जागच्या जागी होते.

४

"बघ!" नणंद खुर्चीतून उठलीच. "हे मी घसा फोडून सांगतेय. माझ्यासमोर तो कधीच मरत नाही. कितीदा लावून पाहिलाय."

"तपासणी काढून लाव."

लावला. मेला.

"पुन्हा तपासणीखाली."

जगला.

"लक्ष असलं की शहाणा, पाठ फिरली की संपला," सून म्हणाली. "तुझा दादा लहानपणी असाच होता म्हणे."

"दादा अजून तसाच आहे. आणि याचा उपाय सोपा आहे, रविवारी मी तपासणीखालीच चालवते."

"चालेल तो. पण का चालतो ते कळणार नाही, आणि मग पुढच्या रविवारी दुसरीकडेच मरेल." सुनेने तिला खाली बसवलं. "सांग, शो चालवणारं तुझं फंक्शन सुरू झालं. तू बाबांना कॉलबॅक दिलास. दिल्यानंतर त्याचा तुला पुढे कुठे उपयोग?"

"कुठेच नाही. दिला की संपलं. मी बनवते, त्यांच्या हातात देते, पुढच्या कामाला लागते."

"म्हणजे त्यानंतर तुझ्या बाजूने त्याला कुणीच धरलेलं नसतं."

"कशाला धरायला हवं? बाबांनी ठेवलंय ना."

सून पाण्याचा ग्लास तोंडाला लावणार होती, तो तसाच राहिला.

"हे तुला कसं माहीत?"

"विचारलं होतं मी. पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, 'बाबा, मी दिलेलं ठेवलंत ना?' ते म्हणाले, 'ठेवलंय.' त्यांनी ठेवलंय म्हटलं की ठेवलेलं असतं, वहिनी. आमच्या घरात त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. त्या स्क्रूंवरून आम्ही काय काय ऐकलंय, तुला काय ठाऊक!"

सुनेने ग्लास खाली ठेवला. सासऱ्यांनीही हाच शब्द वापरला होता. दोघं खरं बोलत होती. नणंदेने विचारलंही होतं आणि सासऱ्यांनी उत्तरही दिलं होतं. आणि त्यामुळेच महिनाभर तारे विझत होते.

"उद्या सकाळी सगळ्यांना घुमटाखाली बोलाव," ती म्हणाली. "मॅडमनाही."

"कळलं? कोण आहे? बाबा की मी?"

"आत्ता नको विचारूस. आधी मला तो खून स्वतः करून पाहायचाय. धूमकेतूशिवाय."

५

सकाळी घुमटाखाली पाच जण होते आणि वर तारे होते. निवेदक सवयीने माइकपाशी उभे राहिले. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"फोटो काढून टाकलेत," सून म्हणाली. "वन्संच्या प्रोग्रॅममध्ये मी एकच ओळ घातली आहे. आकाश फिरवा."

आकाश फिरलं. पहिल्याच मुक्कामाला पोचलं आणि तारे विझले.

"अगं, काय केलंस!" सासरे ओरडले.

"सफाई." तिने दिवा लावला. "बाबा, तुम्हीच म्हणालात, हिच्या भाषेत मागून आवरायला माणूस ठेवलेला असतो. त्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात. त्याचा नियम साधा आहे. घरातली जी वस्तू घरातल्या कुणीच धरलेली नाही, ती तो उचलून फेकतो. फक्त तो सारखा फिरत नाही. जागा अपुरी पडू लागली की उठतो. साध्या ताऱ्यांना मेमरी लागते ती किती? तो दिवसभर झोपून असायचा. मग यांचे फोटो आले."

"भव्य," निवेदक हळूच म्हणाले.

"भव्य. जागेची ओढाताण झाली, सफाईवाला उठला, आणि त्याला एक वस्तू दिसली जिला कुणीही धरलेलं नव्हतं. वन्संचा कॉलबॅक. त्याने तो फेकला. तोवर मोटर फिरतच होती. ती पोचली, आणि बाबांनी रिकाम्या झालेल्या पत्त्यावर हाक मारली. म्हणून प्रेत बाबांच्या दारात. मी आत्ता फोटोंशिवाय सफाईवाल्याला मुद्दाम उठवलं, बाकी काही केलं नाही."

"पण धरलेलं नव्हतं कसं?" नणंदेने वडिलांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, ठेवलंय."

"ठेवलंयच!" सासरे उसळले. "पत्ता माझ्याकडे जशाचा तसा आहे. आकडा न् आकडा."

"तेच," सून म्हणाली. "बाबा, तुम्ही पत्ता ठेवलात. वन्संना वाटलं, तुम्ही वस्तू ठेवलीत. माणसाचा पत्ता आपल्या वहीत असला, म्हणून त्याचं घर पडायचं थांबत नाही. सफाईवाला फक्त वन्संच्या घरात बघतो, तुमच्या सीच्या घरात त्याला काही दिसत नाही. तुम्ही पत्ता कितीही जपलात, तरी त्याच्या हिशेबी ती वस्तू बेवारसच."



"आणि माझ्यासमोर का मरत नव्हता?" नणंदेने विचारलं.

"तू तपासतेस, तेव्हा फंक्शनमधली प्रत्येक वस्तू ते फंक्शन संपेपर्यंत जपली जाते. तुला कधीही बघावीशी वाटेल म्हणून. तपासणी नसली, की शेवटचा उपयोग झाल्या क्षणी ती मोकळी. तुझं बघणंच त्याला धरून ठेवत होतं."

"थोडक्यात," मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाची?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. सुनेला उत्तर द्यावं लागलं नाही.

"माझी," नणंद म्हणाली. "वस्तू माझ्या घरातली. धरायचं काम माझं."

"थांब गं," सासरे म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा मी 'पत्ता ठेवलाय' म्हणायला हवं होतं. महिनाभर एकमेकांना नावं ठेवली, पण ठेवायचं ते कुणीच ठेवलं नाही."

नणंदेला हसू फुटलं. ते आवरून तिने कीबोर्ड पुढे ओढला. "सोपं आहे. मी तो कायमचा धरून ठेवते. कधी सोडतच नाही. झालं!"

"कायमचा?" सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे आता तू दुसऱ्या बाजूने मारणार?"

६

दुपारभर दोघं एका टेबलाशी बसली होती. महिन्याभरात पहिल्यांदाच. सून बाजूला बसून केळं खात होती आणि गरज पडेल तिथे बोलत होती.

"रोज नवा शो, रोज नवा कॉलबॅक," सासरे म्हणत होते. "जुना सोडणारच नसशील, तर घर अडगळीने भरेल. मग एक दिवस फोटोलाच जागा नाही."

"बरं, शो संपला की सोडते."

"आणि त्याच क्षणी माझी मोटर पोचली तर? मी पुन्हा रिकाम्या घराला हाक मारणार."

नणंद थबकली. "मग आधी तुम्हाला सांगते, आता हाक मारू नका."

"सांगितलंस, आणि तेव्हाच माझी हाक अर्ध्या वाटेत असली तर?"

"बाबा, तुम्ही मुद्दाम करताय!"

"मोटर मुद्दामच करते. तिला काय तुझी दया?" पण त्यांचा चेहरा उजळला होता. "मी एक 'थांबा' लिहून देतो. तू 'थांबा' म्हण. माझी चालू हाक पुरी होईपर्यंत मी तुला उत्तर देणार नाही. मी 'थांबलो' म्हटलं, की मग तू हातातलं सोड. त्याआधी नाही."

"शब्द नीट सांगा. 'थांबलो' म्हणजे काय?"

"म्हणजे यानंतर त्या पत्त्यावर माझी एकही हाक येणार नाही."

"आता कसं!" सून म्हणाली. "आणि वन्सं, अजून एक. हाक तुझ्याकडे आल्यावर आत काही चुकलं, तर ती चूक तिथेच पकड. ती तशीच उसळून बाबांच्या सीमध्ये शिरली, तर तिथे तिला सांभाळणारं कुणी नाही."

"थोडक्यात, घरातलं भांडण माहेरी न्यायचं नाही."

"तू तर माहेरीच राहतेस," सासरे म्हणाले. "तुझं कुठे नेणार!"

संध्याकाळी सुनेने सफाईवाल्याला प्रत्येक मुक्कामाला उठवून शो चालवून पाहिला. त्याने सगळं घर धुंडाळलं, पण धरलेल्या वस्तूला हात लावला नाही. शेवटी 'थांबा', 'थांबलो', आणि मगच मूठ उघडली. पुढच्या फेरीत सफाईवाल्याने ती वस्तू रीतसर उचलली. नणंदेने तो प्रोग्रॅम तपासणीशिवाय, पाठ करून चालवला. अक्षरशः खुर्ची फिरवून.

रविवारी हॉल खच्चून भरला. मॅडम पाहुण्यांबरोबर पुढे बसल्या होत्या. शेवटच्या रांगेत सासऱ्यांनी चष्मा पुसायला काढला आणि पुसायचा विसरून हातातच धरला. घुमटावर धूमकेतू आला, त्याच्या शेपटीचा धाग्यान् धागा दिसला. निवेदकांचा आवाज खर्जात गेला. आकाश दक्षिणेकडे फिरलं.

थांबलं.

तारे होते. निवेदकच क्षणभर गोंधळले, कारण महिनाभर त्यांना इथून पुढे बोलावंच लागलं नव्हतं. मग ते सावरले आणि त्यांनी ते आपलं सर्वांत चांगलं वाक्य म्हटलं. ते ठीकठाकच होतं.

काही वेळाने मॅडम अंधारात वाकून चालत मागे आल्या आणि सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"काका, गोदामाचं राहू द्या," त्या कुजबुजल्या. "तयार यंत्रवाल्यांना मी नाही म्हणून कळवते. उलट रोजचा एक शो वाढवावा म्हणतेय. झेपेल ना?"

सून सासऱ्यांकडे बघत होती. प्रोजेक्टरबद्दलचा प्रश्न त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिला नव्हता.

"मी फक्त हाक मारतो, मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांनी नियंत्रण कक्षाच्या काचेकडे बोट दाखवलं. "धरून ती ठेवते. तिला विचारा."